विझणारी पट्टी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

मेघा मॅडमनी आज माझी प्रयोगवही चाळली आणि म्हणाल्या, "सुलेखा, यात निरीक्षणं लिहायची असतात. 'सकाळपासून डोकं सटकलंय' हे निरीक्षण नाही." मॅडम माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, तेव्हा ऐकणं भाग. डोकं सटकल्याच्या नोंदींसाठी ही दुसरी वही आणली.

आज मात्र डोकं जागेवर आहे, कारण पट्टी चमकली. साधी गाळणकागदाची पट्टी, तिच्यावर आमचा रेणू बसवलेला आणि रेणूनं ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवलेलं. जांभळ्या दिव्याखाली धरली की पोपटी उजळते. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर ते रेणूकडून ॲल्युमिनियम हिसकावून घेतं आणि पट्टी विझते. गावातल्या कुणालाही कळेल असं हे काम आहे. उजळली तर प्या, विझली तर पिऊ नका. मीठ, चुना, लोखंड सगळं घालून पाहिलं, पट्टी ढिम्म. तांब्यानं तेवढी विझते. पण बोअरच्या पाण्यात तांबं कुठून यायला? मॅडम म्हणाल्या नोंदव, मी नोंदवलं आणि पुढं गेले.

आमच्या रसायनशास्त्र विभागातला मोठा दिवा बाहेर नेता येत नाही. शेजारच्या टेबलावर काम करणारा सुयश शहागंजच्या बाजारातून नोटा तपासायचा छोटा दिवा घेऊन आला. त्याचं तिकडं काहीतरी काम होतं म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्याचा फोन. माझी आत्या आशाबाई निंबखेड्यात राहते, करमाडच्या पुढं, गावाच्या भीमनगरात. म्हणाली, "सुले, इथल्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडायलेत. तू त्ये पाण्याचं काय तरी करतीस ना?" आत्याला माझा प्रबंध एका वाक्यात समजलाय, मला अजून तो दीडशे पानांत सांगता येत नाही.

तिनं आणखी एक सांगितलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत नवी पाइपलाइन कुठल्या बोअरवरून टाकायची ते ठरणार आहे. एकदा टाकली की पंधरा-वीस वर्षं तेच पाणी. चुकीच्या बोअरला तोटी बसली तर अख्खी पिढी डागाळलेले दात आणि पुढं दुखरी हाडं घेऊन मोठी होईल. म्हणजे त्याआधी खरं सांगणारं कुणीतरी हवं. मी जाणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुयशनं मोटारसायकलवरून नेलं. त्याचं वाटेवरच्या शेंद्र्याला काम होतं, तसंच पुढं सोडतो म्हणाला.

गावात तीन बोअर. एक गावठाणात, नाल्याच्या पलीकडं. एक भीमनगरात. एक शाळेच्या आवारात, तिथंच अंगणवाडीही भरते. शाळेच्या टाकीवर निळ्या अक्षरांत 'शुद्ध पिण्याचे पाणी' असं रंगवलंय, म्हणून तिथं पट्टी वाया घालवली नाही. पट्ट्या मोजक्याच आहेत.

मॅडमचं सांगणं, पाणी माणूस जिथं पितो तिथून घ्यायचं. म्हणून घरोघर गेले. सरपंच नानासाहेबांच्या आई सत्यभामाकाकूंनी ओट्यावर सतरंजी टाकली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घर लख्ख, देवीचा कलश मांडलेला. काकूंच्या हातांना चिंचेचा वास. "बस की बाई, गाडीवर लई दमली असशील," म्हणत त्यांनी चकचकीत घासलेल्या कळशीतून लोटा भरून माझ्या हातात दिला. इतका लख्ख लोटा की त्यात माझं तोंड दिसत होतं.

आत्या सांगते, तिच्या लहानपणी ह्याच ओट्याच्या खाली उभं राहून ओंजळ धरायची आणि वरून धार सोडायचे. मी लोटा तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले. तहान नव्हती. आत्याची आठवण आली आणि पीतच राहिले. मग कळशीतल्या पाण्यात पट्टी बुडवली, ओढणी डोक्यावरून घेऊन अंधार केला आणि दिवा लावला. पट्टी पार विझलेली होती.

शेजारच्या दोन घरांतही तेच. तिथंही तशाच लख्ख कळश्या, तसाच मान. मला वाटलं होतं लोक दारातून वाटेला लावतील, आणि इथं जो तो पाणी पाजायला बसलेला.

भीमनगरात आत्याच्या निळ्या प्लास्टिकच्या घागरीतलं पाणी घेतलं. पट्टी पोपटी. शेजारच्या स्टीलच्या हंड्यातलं घेतलं. पोपटी.

४ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा गेले. मॅडमचं वर्ग घेण्याचं वेळापत्रक असं आहे की मला फक्त गुरुवारच मोकळा मिळतो. सुयशचं शेंद्र्यातलं काम आजच निघालं, नशीब माझं.

गावठाणात पाच घरं, पाचही पट्ट्या विझल्या. भीमनगरात सहा घरं, सहाही उजळल्या. इतका स्वच्छ निकाल प्रयोगशाळेत सुद्धा येत नाही. गावठाणाच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे, भीमनगरच्या बोअरमध्ये नाही. खडकाची शीर मध्ये तुटली असणार, नाल्याच्या अल्याड वेगळी, पल्याड वेगळी. रात्री जेवताना आईला हे सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मोटार सुरू करून थेट बोअरचं पाणी का नाही घेतलं?" आईचं नाव गीताबाई, शिक्षण सातवी, आणि शंका थेट परीक्षकाच्या. मी सांगितलं, गावठाणात वीज पहाटे येते, तेव्हा मी तिथं नसते.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मुलांचे दात पाहिले. काकूंची नात श्रेया सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. फोटोसाठी हस म्हटलं तर ओठ घट्ट मिटून घेते. समजून चुकले. पण भीमनगरातल्या मुलांचेही दात तसेच निघाले. पट्ट्या उजळतात आणि दात डागाळलेले, हे जुळत नाही. बहुधा चहा किंवा तंबाखूची मिश्री असेल. आत्याला विचारलं तर चिडली. "सहा वर्साचं लेकरू मिश्री लावतंय व्हय?" म्हणाली. आत्याच्या पुतण्याची मुलगी शिकायला शहरात मावशीकडं राहते, तिचे दात पांढरेशुभ्र. शहरात ब्रश नीट करून घेतात, त्याचा फरक असणार.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमना निकाल दाखवले. त्या खूष झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "फ्लोराइड मोजायचं यंत्र दुरुस्तीहून येऊ दे. त्याच्यावर पडताळ आणि मग तोंड उघड." यंत्र पुण्याला गेलंय आणि दिवाळीच्या आधीपासून 'पुढच्या आठवड्यात' येतंय. नानासाहेबांचा फोन येऊन गेला, रविवारी या आणि काय ते सांगा, पाइपचा आराखडा काढायचाय.

मॅडमचं ऐकायला हवं हे मला कळतं. पण आकडे डोळ्यांसमोर आहेत. शिवाय खरं सांगू का, ह्या वहीत तरी खरंच सांगते. गावठाणानं भीमनगराकडून पाणी घ्यावं असं विज्ञान सांगतंय, आणि ते सांगायला मी निघालेय. ह्या विचारानं मला झोप लागत नाही, आनंदानं.

२१ डिसेंबर, रविवार

सांगून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. पडदा ओढून दोन्ही पट्ट्या दिव्याखाली धरल्या, एक उजळ, एक काळी. मग सत्यभामाकाकू दारातून म्हणाल्या, "म्हंजे इतके दिस मी शिरेयाला हेच पाजलं?"

नानासाहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, "लाइन भीमनगरातून टाकू. तवर ज्याला जमल त्यानं तिथून पाणी आणावं."

२५ डिसेंबर, गुरुवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते. भीमनगरच्या बोअरपाशी रांग, आणि रांगेत आत्याच्या मागं हंडा घेऊन सत्यभामाकाकू उभ्या. आत्यानं आपली घागर बाजूला घेतली, "तुमी भरा आधी." काकू म्हणाल्या, "नाय, तुजा नंबर हाय." दोघी जणी किती तरी वेळ एकमेकींना आग्रह करत राहिल्या आणि पाणी वाहून गेलं. सुयश हसायला लागला. मला रडू फुटलं. मी वळून गाडीचा आरसा पुसत बसले.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सावित्रीमाईंची जयंती. शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि खोक्यातली तांब्याची पाण्याची बाटली. हल्ली सत्काराला हीच देतात, आरोग्याला चांगली म्हणून. मुलींनी भाषणं केली, डागाळलेल्या दातांनी. शाळेतलाच चहा दोन कप प्यायले. आत्या पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडं न बघता छताकडं बघत होती, म्हणजे डोळे भरले होते.

४ जानेवारी, रविवार

आईला कौतुकानं बाटली दिली. तिनं ती चिंच लावून घासली, भरून ठेवली. संध्याकाळी शेजारची मंजुषा आली, तिला पट्टी दाखवायची म्हणून बाटलीतलंच पाणी वाटीत ओतलं. आमच्या नळाला धरणाचं पाणी, त्यात फ्लोराइड नाही, मी शंभर वेळा तपासलंय.

पट्टी विझली.

पुन्हा केली. पुन्हा विझली. मग नळाचं पाणी सरळ वाटीत घेतलं. पोपटी. मंजुषा म्हणाली, "छान आहे ग, जादूच."

चिंचेनं घासलेली तांब्याची कळशी. चिंचेनं घासलेला लोटा. दर गुरुवारी गावठाण देवीसाठी भांडी घासत होतं आणि मला मानानं त्याच भांड्यातून पाणी देत होतं. भीमनगरात प्लास्टिक आणि स्टील. मी खडकाच्या शिरा मोजत बसले होते.

लहानशा पोराला सुद्धा कळलं असतं. मला का कळलं नाही? त्या लोट्यावर मला संशय घेताच आला नसता. तो हातात मिळाला ह्याच्यातच मी बुडाले होते.

८ जानेवारी, गुरुवार

सुयशला सांगितलं. तो म्हणाला, "यार, चालतंय ना चांगलं? भीमनगरचं पाणी चांगलंच आहे. राहू दे." मला हाच विचार चार दिवस येतोय. कुणाचं काही बिघडत नाही. रांग टिकेल. माझी पदवी टिकेल. मॅडमना कळायचंही नाही.

पण मग श्रेयाचे दात कशानं डागाळले? गावठाणाचं पाणी वाईट नसेल तर वाईट पाणी कुठलं तरी आहे, आणि ती ते अजून पितेय. हे डोक्यातून जात नाही.

मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "आता काय करणार?" म्हटलं, तिन्ही बोअरचं पाणी थेट प्लास्टिकच्या बाटलीत. "जा मग," म्हणाल्या.

११ जानेवारी, रविवार

शनिवारी आत्याकडं मुक्काम केला, पहाटे वीज आली तेव्हा गावठाणाच्या मोटारीपाशी उभी होते. थंडीनं बोटं वाकत नव्हती. थेट धारेतून बाटली भरली. पट्टी पोपटी. भीमनगर, पोपटी. शाळेच्या टाकीखालची तोटी, तिथल्या निळ्या अक्षरांखाली उभी राहून भरली.

विझली. दुसरी, विझली. तिसरीही.

दोन्हीकडची मुलं तिथंच दिवसभर पाणी पितात. अंगणवाडीची खिचडी त्याच पाण्यात शिजते. शहरात गेलेली पोरगी तेवढी वाचली.

आत्याला चुलीपुढं बसून सांगितलं, आधी तिलाच सांगायला हवं होतं. रांग मोडेल, हेही सांगितलं. तिनं बराच वेळ भाकरी थापली. मग म्हणाली, "सांगायचं की मंग. खोट्याच्या जोरावर आलेली माणसं किती दिस येत्याल?" पाठ फिरवली आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

२० जानेवारी, मंगळवार

यंत्र आलं. गावठाण आणि भीमनगर दोन्ही मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. शाळेचं बोअर सगळ्यांत खोल, ते मर्यादेच्या दुप्पट. मॅडमनी स्वतः तीनदा मोजलं. पुढच्या पट्ट्यांसाठी त्यांनी एक उपाय सुचवला, तांब्याला आधीच धरून ठेवेल असं दुसरं रसायन पट्टीवर लावायचं. सुयश म्हणाला, तो ते करून बघतो, त्याच्याकडं सध्या फारसं काम नाही. मग शेंद्र्याचं काम संपलं का विचारलं तर लाल झाला. घाम येत असेल, खोली बंद होती.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली. मी उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. सरळ म्हटलं, "मी चुकले. गावठाणाच्या बोअरचं पाणी चांगलं आहे. पट्टी तुमच्या तांब्याच्या भांड्यांनी विझली होती, आणि ते मला ओळखता आलं नाही."

आधी कुजबुज, मग गलका. नानासाहेब लाल झाले. "म्हंजे महिनाभर आमच्या बाया उगंच तिकडं हंडे घिऊन गेल्या?" मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या वस्तीचा मान वाढवायला मुद्दामच केलं असल."

ते वाक्य लागलं. मुद्दाम केलं नव्हतं. पण ते खरं निघावं असं मला फार वाटत होतं, आणि वाटण्याच्या नादात मी मोजायचं विसरले. एवढं मी सगळ्यांसमोर बोलले.

मग शाळेचं सांगितलं. शाळेची बाटली, गावठाणाची, भीमनगराची, तिन्ही टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, ह्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुणीही या आणि स्वतः पट्टी बुडवा. सत्यभामाकाकूच आल्या. शाल डोक्यावरून घेऊन टेबलावर वाकल्या, दिवा स्वतः धरला. त्या शालीतून बाहेर यायला त्यांना फार वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "साळंचंच हाय."

आता शाळेला पाणी कुठून? गावठाणातून आणायचं तर नाला आडवा. भीमनगराचं बोअर शाळेच्या कुंपणाला लागून. सगळ्यांना दिसत होतं. आत्ताच ज्या वस्तीवर संशय घेतला तिच्याकडं कसं मागायचं? भीमनगरातली पोरं हात बांधून उभी होती. एक जण म्हणालाच, "आमचं बोअर आटलं तर?" प्रश्न रास्त होता.

आत्या उठली. पदर नीट केला. "आटलं तर आटलं. पन साळंतल्या लेकराला पाण्यापायी नाय म्हनायचं, हे आमच्याच्यानं व्हायचं नाय. त्ये कसं लागतं, आमाला म्हाईत हाय."

मग नानासाहेब खुर्चीतून उठले आणि आत्याला हात जोडले. भीमनगराच्या बोअरवरून शाळेला लाइन टाकायचा ठराव त्यांनी उभ्यानंच मांडला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पाइप अजून जमिनीवरूनच टाकलाय, खोदकाम नंतर होईल. आज दुपारी भीमनगराचं पाणी शाळेच्या तोटीला आलं. पट्टी बुडवली, मुलांनी माझी ओढणी ओढून ओढून अंधार केला, बारा डोकी आत घुसली. पोपटी.

सत्यभामाकाकू धाकट्या नातवाला, कृष्णाला, कडेवर घेऊन आल्या होत्या. त्याला अजून नीट दात नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "आता शिरेयाचे दात पांढरे येत्याल ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं, "नाही काकू. तिचे पुढचे दात हिरड्यांच्या आत आधीच तयार झालेत, ते डागाळलेलेच येतील. मागच्या दाढा बऱ्या येतील. हाडांचं पुढचं दुखणं टळेल. आणि कृष्णाचे सगळे चांगले येतील."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता डिसेंबरातली चूक काढतील.

"ह्ये खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोटीखाली ओंजळ धरली आणि आधी कृष्णाला पाजलं.